उषाजींचं हसतमुख 'वही तो'

परवा आठवीच्या वर्गात वह्या तपासत होतो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला विचारलं, "काय रे, कविता पाठ करायला सांगितली होती, झालेली दिसत नाही?" तो उभा राहिला, गोड हसला आणि म्हणाला, "वही तो, सर!" आम्हाला आधी वाटलं, पोरगं वहीबद्दलच काहीतरी सांगतंय. वर्ग हसायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे तर उषाजींचं 'वही तो'! हा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीची मालिका. थोरल्या भावाच्या मोबाइलवर त्याने तिचे भाग पाहिले होते.

'ऑफिस ऑफिस' ही हिंदी मालिका सब टीव्हीवर २००१ मध्ये सुरू झाली. दिग्दर्शक राजीव मेहरा. पुढे ती 'नया ऑफिस ऑफिस' नावाने पुन्हा आली आणि २०११ मध्ये तिच्यावरून 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' हा सिनेमाही निघाला. आमच्या घरी ती मालिका दस्तरखान आवरल्यावर सगळे मिळून बघायचे. अब्बांना बाकीच्या मालिका पसंत नसत, सासू-सुनांचे ते रडके डोळे बघून ते उठून जायचे. ही मात्र ते स्वतःहून लावायला सांगत. आयुष्यभर ज्या माणसाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले त्याला त्यात काय दिसत होतं, ते आम्हाला फार उशिरा उमगलं.

गोष्ट दर वेळी एकच. मुसद्दीलाल नावाचा एक सरळमार्गी माणूस, म्हणजे पंकज कपूर, काहीतरी साधं काम घेऊन एखाद्या कचेरीत जातो. कधी वीज, कधी बँक, कधी दवाखाना. कचेरी दर भागात बदलते, पण आतली पाच माणसं तीच असतात. हीच या मालिकेतली सगळ्यात मोठी गंमत होती, आणि विचार केला तर सगळ्यात कडू गोष्टही. समोसे खाणारे भाटियाजी (मनोज पाहवा), तोंडात पान असलेले शुक्लाजी (संजय मिश्रा), प्रत्येक प्रश्नात 'दो बातें' काढणारे पटेल (देवेन भोजानी), पांडेजी (हेमंत पांडे), आणि या चौघांत एकट्या बाई, उषाजी. उषाजींचं काम केलं आसावरी जोशी यांनी, आपल्या मराठी रंगभूमीवरच्या आणि सिनेमातल्या. सगळे हिंदीवाले आणि मधे एक आपली मराठी बाई, त्यामुळे आमच्या अम्मीचा जीव तिच्यावर जरा जास्तच.

मुसद्दीलाल या नावाबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला ती सोडवत नाही. मूळ शब्द अरबी, 'मुतसद्दी'. फारसी-उर्दूत त्याचा अर्थ कारकून, हिशेबनीस, दफ्तर सांभाळणारा. तोच शब्द मराठीत आला आणि 'मुत्सद्दी' होऊन राजकारणी, धोरणी माणूस झाला. म्हणजे आयुष्यभर कारकुनांच्या खिडकीपुढे उभं राहणाऱ्या या बिचाऱ्याच्या नावाचा अर्थच कारकून! लिहिणाऱ्याने हे ठरवून केलं असेल की नाही, अल्लाह जाणे. पण अर्ज, मंजूर, नामंजूर, मुदत, तारीख, हजर, तहसील, वसूल हे कचेरीतले शब्द घ्या, निम्म्याहून जास्त आपल्याच घरातून गेलेले आहेत. निजामाच्या काळात आपल्या जिल्ह्याचं दफ्तर उर्दूत चालायचं. जुन्या महसुली नोंदी काढायची वेळ आली की आजही उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. शब्द आपले आणि तरी खिडकीच्या बाहेर आपणच.

आता उषाजींकडे येऊ.

बाकीच्या चौघांचा दोष डोळ्यांना दिसतो. भाटियाजींची भूक दिसते, शुक्लाजींचं पान दिसतं. पटेल 'दो बातें' म्हणाले की लबाडी सुरू झाली हे मुसद्दीलालला कळतं, आपल्यालाही कळतं. उषाजींचा दोष मात्र कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही. त्या कधी ओरडत नाहीत, अपमान करत नाहीत. उलट, समोरचा माणूस जे म्हणेल त्याला त्यांचा मनापासून होकार असतो. मुसद्दीलालने म्हणावं, हे काम एका दिवसाचं आहे. वही तो! तीन महिने झाले. वही तो! साहेब जागेवर का नाहीत? वही तो! आपल्याकडे म्हणतात तसं, 'तेच की वो!' माणसाला वाटतं, चला, या कचेरीत एक तरी आपलं माणूस भेटलं. आणि शेवटी लक्षात येतं की सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या या बाईने कागद मात्र जागचा हलवलेला नाही.

उषाजींना बघून आम्ही सगळ्यात जास्त हसायचो. अम्मीने तर घरात तो शब्दच रूढ केला होता. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की "वही तो!"

त्याच २००१ साली इंग्लंडमध्ये बीबीसीवर 'द ऑफिस' नावाची मालिका सुरू झाली, ती जगभर गाजली, पुढे अमेरिकेनेही तिची आपली आवृत्ती काढली. त्या मालिका कचेरीच्या आतल्या आहेत. साहेब आणि नोकर, नोकर आणि नोकर, त्यांचे रुसवेफुगवे. कचेरीत कामासाठी आलेला माणूस तिथे जवळजवळ नसतोच. आपल्या मालिकेत कॅमेरा रांगेतल्या माणसाबरोबर खिडकीच्या बाहेर उभा राहतो. आपल्याकडे कचेरी म्हणजे नोकरीची जागा हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं, बाकीच्यांसाठी कचेरी म्हणजे चक्कर. त्याआधी १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली होती, त्यातला वागळे स्वतःच साधा कारकून, आपल्यासारखाच, महिनाअखेरीस तंगीत असलेला. बारा-तेरा वर्षांत कारकून खिडकीच्या त्या बाजूला गेला.

आणि आम्ही? आम्ही कुठल्या बाजूला होतो, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. शाळामास्तर म्हणजे मुसद्दीलालच, असं गृहीत धरून चाललो होतो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, आपल्याच जिल्ह्यातली. सोयाबीनच्या काढणीचे दिवस. एक आई गावाहून एसटीने आली. मुलगा आमच्या वर्गात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर आधारवरचं नाव एक, जन्माच्या दाखल्यावर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं. आपल्या वाचकांना हे दुखणं नवं नाही. एकच 'मुहम्मद' कुठे महंमद, कुठे मोहंमद, कुठे मोहम्मद, कुठे नुसता 'मो.'. शेख कधी पुढे, कधी मागे. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव प्रत्येक खिडकीवर थोडं थोडं झिजतं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. तो कानाला ऐकू आलं तसं लिहितो, आणि सांगणारी आई निरक्षर असली तर काय लिहिलं ते तिला कळत नाही.

ती म्हणाली, "सर, नाव तेवढं नीट करून द्या." आम्ही म्हणालो, "बरोबर आहे तुमचं, करायला पाहिजे." हेडमास्तर रजेवर होते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. ती पुढच्या आठवड्यात आली. त्या दिवशी आमची प्रशिक्षणाची गडबड. कारकुनाकडे पाठवलं. तो म्हणाला, वर्गशिक्षकाचं पत्र आणा. पुन्हा आमच्याकडे. "खरंय, फार त्रास झाला तुम्हाला," आम्ही अगदी कळवळून म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती व्हरांड्यातच थांबली. मुलाला म्हणाली, "तेरे सर अच्छे हैं रे, पन कल आओ बोलते, परसों आओ बोलते." मग आमच्याकडे वळून मराठीत, "सर, तुम्ही नाही बी म्हणत नाही न् करीत बी नाही. नाही म्हणलं असतं तर मी दुसरं काही बघितलं असतं. माझी तीन दिवसांची रोजी गेली."

त्या आठवड्यात घरी मुलांनी जुना भाग लावला होता. उषाजी आल्या, 'वही तो' म्हणाल्या, सगळे हसले. आमच्या घशात पाण्याचा घोट अडकला.

त्यानंतर आम्ही नियमांची पुस्तिका काढली. शिकत असलेल्या मुलाच्या रजिस्टरमधली नोंद बदलायची तर पालकाचा अर्ज, जन्माचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि मुख्याध्यापकांचा प्रस्ताव लागतो. तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, त्यांची मंजुरी आली की मगच नोंद बदलते. म्हणजे आमच्या हातात नोंद बदलणं नव्हतंच. पण हे पहिल्या दिवशी सांगणं, कागदांची यादी एका चिठ्ठीवर लिहून देणं आणि प्रस्ताव टाइप करणं, हे तर होतं? त्याला अर्धा तास लागला असता. प्रस्ताव गेला, नाव दुरुस्त होऊन आलं. पण त्या वर्षीची शिष्यवृत्तीची मुदत निघून गेली होती. मुलाने त्याबद्दल आमच्याकडे एकदाही विषय काढला नाही. त्याने काढला असता तर बरं झालं असतं.

उषाजींवर सगळा राग काढून मोकळं होणंही आम्हाला आता जमत नाही. आमची एक जुनी विद्यार्थिनी एका सरकारी कचेरीत खिडकीवर बसते. तिच्या घराण्यात नोकरी करणारी ती पहिली मुलगी. तिला आम्ही ही मालिका आठवते का विचारलं तर ती हसली नाही. म्हणाली, "सर, पाच माणसांत एक बाई दाखवली, तीही नुसती गोड बोलणारी. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आम्हाला तीच समजतो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि खरं सांगू? सर्व्हर बंद असतो. सही साहेबांची. लोक येतात तेच चिडून. माझ्या हातात काय आहे? मी हसते. हसले नाही तर भांडण होईल." हे ऐकल्यावर आम्हाला उषाजींचं हसू वेगळं दिसायला लागलं. कधी कधी ज्याच्याजवळ अधिकार नाही तोही 'वही तो' म्हणतो. पण रांगेतल्या माणसाने ते कसं ओळखायचं? लबाडाचं हसू आणि हतबलाचं हसू खिडकीच्या जाळीतून सारखंच दिसतं.

मालिकेबद्दल आमची एक तक्रार मात्र आहे. तिने आपल्याला हसायला शिकवलं, आणि हसता हसता ते सगळं अंगवळणीही पाडलं. 'चायपानी' हा शब्द आमच्या मुलांनी पहिल्यांदा विनोद म्हणून ऐकला. आपल्या दीनमध्ये तर लाच देणारा आणि घेणारा दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. कायद्यानेही २०१८ च्या दुरुस्तीपासून देणारा सुटत नाही. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. किती जणांना तो पाठ आहे? 'दो बातें' मात्र सगळ्यांना पाठ.

मुसद्दीलालजवळ २००१ साली जे नव्हतं ते आज आपल्याजवळ आहे. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्यांना फीही नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात जाहीर केलेल्या सेवांसाठी किती दिवसांत काम व्हायचं आणि ते कोणत्या अधिकाऱ्याने करायचं हे ठरलेलं आहे, ते फलकावर लावणं बंधनकारक आहे. वेळेत झालं नाही तर वर अपील, आणि कारणाशिवाय अडवलं हे ठरलं तर त्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पण या सगळ्याची सुरुवात एका चिठ्ठीपासून होते, ती म्हणजे पोच. अर्ज दिला की पोच मागायची. गोड बोलून अर्ज ठेवून घेणाऱ्याकडून तर नक्कीच मागायची. हसण्याला हसूनच उत्तर द्या, हरकत नाही, "ताई, तेवढी पोच द्या" म्हणा. पोचवर तारीख असते. 'वही तो'वर नसते.

आमच्या आईबापांच्या पिढीला तोंडी शब्दावर भरवसा ठेवायची सवय होती. मामूने सांगितलंय होईल, मास्तरने सांगितलंय होईल. कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, बेअदबी, असं अब्बा मानायचे. म्हणून ते नुसते परत परत जायचे.

२०११ च्या सिनेमात मुसद्दीलाल बायकोच्या अस्थी घेऊन तीर्थयात्रेला जातो आणि परत येतो तर सरकारदरबारी तो मेलेला असतो. पेन्शन बंद. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्याकडचे पेन्शनर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये 'हयातीचा दाखला' देतात. हयात म्हणजे जिंदगी, हाही आपलाच शब्द. अब्बा शेवटच्या वर्षी त्या दाखल्यासाठी गेले तेव्हा आम्ही बरोबर होतो. काठी टेकत दोन जिने चढले. खिडकीवरचा तरुण कर्मचारी हसून म्हणाला, "चाचा, आज नेट नाही, उद्या या ना." अब्बांनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांच्या बोळक्या तोंडातून शब्द आला, "वही तो!" तो तरुण खळखळून हसला. त्यालाही मालिका माहीत होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठला, कुठूनतरी मोबाइलचं नेट जोडलं आणि दहा मिनिटांत अब्बांचा अंगठा घेतला. जाताना त्याने अब्बांना जिन्यापर्यंत हात दिला.

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. खिडक्यांपुढची रांग तीच आहे, आणि त्या रांगेत आपली माणसं पुष्कळ.

आम्ही आमच्यापुरतं एक करतो. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मुलाचं नाव रजिस्टरला चढवण्याआधी आई किंवा बापाला समोर बसवतो. जन्माचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवतो. नाव मोठ्याने वाचतो, अक्षर अक्षर, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि कुणी म्हटलं तर उर्दूतही लिहून दाखवतो. 'मुहम्मद'चा उकार पहिला की दुसरा, 'ख' की 'क', शेख पुढे की मागे. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. मागे रांग लागते, कारकून आमच्याकडे डोळे वटारून बघतो. यंदा एक आजी नातीला घेऊन आली होती. चौथ्यांदा नाव वाचून "असंच ना, खाला?" विचारलं तर वैतागून म्हणाली, "वहीच तो बोल रही हूँ कबसे, लिख ना अब!"

लिहिलं. पोचही दिली.